आईच्या लॅपटॉपचं निघालेलं बटण



आपल्या घरांमध्ये लॅपटॉप बाईपर्यंत कोणत्या वाटेनं येतो, ते जरा आठवून बघा. नवा येतो तो दुकानाच्या हिशेबासाठी नाहीतर मुलाच्या कॉलेजसाठी. चार-पाच वर्षांनी तो हळू चालायला लागला, की मुलाला दुसरा येतो आणि जुना आईकडे. "आई, तुला काय, यादीच तर टाईप करायची असते." येताना त्याची बॅटरी अर्ध्या तासाची झालेली असते आणि एखादं बटण हलत असतं. मग एक दिवस ते बटण निघतं. कपाटातल्या पिनांच्या डबीत जाऊन बसतं, आणि पुढचे चार महिने ती बाई खालच्या रबराच्या ठिपक्यावर बोट दाबत टाईप करते. कुणी विचारलं तर म्हणते, "चालतं नं तसंच."

हे "चालतं तसंच" मला पटत नाही. मुलाच्या लॅपटॉपचं बटण निघालं असतं, तर दुसऱ्या दिवशी कुणीतरी स्कूटर काढली असती. आईच्या बटणासाठी निघत नाही. यात घरात कुणी दुष्ट नसतं. फक्त तिच्या कामाला "काम" म्हणायची सवय नसते. मंडळाचा जमाखर्च, पाठशाळेच्या मुलांची यादी, पर्युषणातली कार्यक्रमपत्रिका, सासूबाईंच्या औषधांचा तक्ता, भावाच्या मुलीचा बायोडाटा. आपल्या घरांत हे सगळं कोण टाईप करतं?

एका बटणानं काय अडतं ते सांगते. माझी नणंद हिंगणघाटला असते. तिच्या लॅपटॉपचं डी हे बटण निघालं होतं. ती विंडोजमधल्या मराठी कीबोर्डवर, म्हणजे सरकारी इनस्क्रिप्ट पद्धतीनं टाईप करते. त्या पद्धतीत डी म्हणजे पायमोड, अक्षराचा पाय मोडून जोडाक्षर करणारी खूण. शिफ्ट धरून तेच बटण दाबलं की "अ" उमटतो. आता आपल्या जिल्ह्याचे आठ तालुके घ्या. डी नसेल तर हिंगणघाट, देवळी, सेलू आणि कारंजा लिहिता येतात. वर्धा, आर्वी, आष्टी आणि समुद्रपूर नेहमीच्या रीतीनं लिहिता येत नाहीत. अर्धा जिल्हा गेला! वर्धाचं "वरधा" होतं. आणि "अ" नाही म्हटल्यावर अहिंसा, अपरिग्रह, अनेकांत या तिन्ही शब्दांचं पहिलं अक्षरच गळतं. ज्या बायका इंग्रजी अक्षरांतून मराठी लिहितात त्यांचं ए हे बटण जावं, म्हणजे कळेल. मग एक ओळही धड होत नाही.

नणंदेनं मंडळाच्या यादीत "वरधा" असं चार महिने लिहिलं. तिच्या मुलानं पडद्यावरचा कीबोर्ड उघडून दिला, आता माऊसनं एकेक अक्षर टिपत बस. ती बसलीही. जवळच्या दुकानात दाखवलं तेव्हा उत्तर आलं, "वहिनी, पूर्ण कीबोर्डच बदलावा लागेल, अठ्ठावीसशे." तो आकडा ऐकून तिनं घरी विषयच काढला नाही.

दुकानदाराची बाजूही ऐकायला हवी, कारण ती खोटी नाही. एकेक बटण सुटं मिळायची सोय फार कमी आहे. एकाच मॉडेलच्या दोन लॅपटॉपमध्येसुद्धा बटणाखालची चौकट वेगळी निघू शकते, कारण कंपनी कीबोर्ड दोन-तीन ठिकाणांहून बनवून घेते. त्यानं वीस मिनिटं घालून बटण बसवलं तर त्याचे किती मागणार? आणि आठ दिवसांनी शेजारचं बटण निघालं तर आपण त्यालाच धरणार. पूर्ण कीबोर्ड बदलणं त्याला सोपं आणि सुरक्षित पडतं. त्यातही अलीकडच्या पुष्कळ लॅपटॉपांत कीबोर्ड वरच्या पॅनलला प्लॅस्टिकच्या बारीक रिव्हेटांनी पक्का केलेला असतो. तो बदलायचा तर आतलं सगळं सोडवावं लागतं. म्हणून भाव चढतो. त्याचा राग करून उपयोग नाही. पण त्याच्या सोयीसाठी आपण अठ्ठावीसशे द्यावेत किंवा जन्मभर "वरधा" लिहावं, हेही काही बरोबर नाही. तिसरी वाट आहे, आणि ती आपल्या हाताला चांगली ठाऊक असलेली आहे.

ब्लाऊजचं टिचबटण लावणाऱ्या हाताला लॅपटॉपचं बटण अवघड नाही. कुकरची रिंग, मिक्सरचं वॉशर, शिलाई मशीनची बॉबिन हे आपण कुणाला विचारून बसवतो का? लॅपटॉपच्या बटणाखाली तीनच गोष्टी असतात. वर टोपी, जिच्यावर अक्षर छापलेलं असतं. तिच्याखाली प्लॅस्टिकच्या दोन चिमुकल्या चौकटी, कात्रीच्या पात्यांसारख्या एकमेकींत अडकवलेल्या. त्यांच्यामुळे टोपी कुठूनही दाबली तरी सरळ खाली जाते. आणि मधोमध रबराची उलटी वाटी, जी दाबल्यावर टोपीला परत वर ढकलते. या सगळ्याखाली प्लॅस्टिकचे पातळ पापुद्रे असतात, त्यांतून विजेच्या रेघा गेलेल्या असतात, आणि त्याखाली पत्रा. पत्र्याचे बारीक आकडे वर आलेले असतात, त्यांत कात्री अडकते. एवढंच.

लॅपटॉप पूर्ण बंद करा, चार्जर काढा. उजेडात बसा, खाली पांढरा कपडा अंथरा, म्हणजे पडलेला तुकडा दिसेल. चष्मा लागत असेल तर तो घाला, शिवाय मोबाईलचा कॅमेरा मोठा करून फोटो काढा, बारीक गोष्टी त्यात जास्त स्पष्ट दिसतात. आधी काय तुटलंय ते ठरवा. टोपीच्या पोटाखाली चार आकडे असतात. कात्रीच्या टोकांना सुईच्या अग्राएवढ्या खुंट्या असतात. सगळं शाबूत असेल तर काम दहा मिनिटांचं. पत्र्याचा आकडा दबला असेल तर सुईनं अलगद उचला, पण सुई खालच्या पापुद्र्यात टोचू देऊ नका. तो फाटला की मात्र दुकानदाराचं म्हणणं खरं होतं.

मग कात्री. दोन्ही चौकटी एकमेकींत नसतील तर आधी त्या अडकवा. मग पत्र्याच्या आकड्यांत एक बाजू सरकवा, दुसरी हलकेच दाबा. बोटानं उचलून बघा, ती उघडली-मिटली पाहिजे आणि मिटल्यावर सपाट बसली पाहिजे. रबराची वाटी मधोमध आहे ना ते पाहा. आता टोपी वर ठेवा, अक्षर सरळ आहे ना बघून. बहुधा टोपीची एक बाजू सरकवायची असते आणि दुसरी टिचवायची. कुठली कोणती, हे कंपनीगणिक बदलतं, फोटोत आकड्यांचा आकार पाहिला की कळतं. चारही कोपरे हळू दाबत जा. टिक असा आवाज येतो, टिचबटणाचाच. एक कोपरा वर राहिला तर जोर करू नका, काढून पुन्हा ठेवा.

फेविक्विक लावू नका. हे मी दोनदा लिहायला तयार आहे. तो पातळ असतो, कात्रीच्या सांध्यात धावतो आणि बटण कायमचं थिजवतो. रबराची वाटीच सुटली असेल तर रबराला धरणारा घट्टसर गोंद दातकोरणीच्या टोकावर घेऊन फक्त वाटीच्या काठाला टेकवा, आत एक थेंबही नको, आणि रात्रभर वाळू द्या.

खुंटी तुटली असेल तर ती कात्री गेली, तिला चिकटवत बसू नका. अशा वेळी त्याच कीबोर्डवर आपण कधीच न वापरणारं, आकारानं अगदी सारखं बटण शोधा. इनस्क्रिप्टमध्ये मराठी लिहिताना १च्या डावीकडच्या कोपऱ्यातल्या बटणाची आपल्याला गरज पडत नाही. आकार जुळत असेल तर त्याच्या खालची कात्री काढून घ्या, टोपी आपली जुनीच ठेवा. वरच्या ओळीतली एफवाली बटणं बुटकी असतात, त्यांची कात्री चालत नाही. स्पेस, एंटर आणि शिफ्ट यांच्याखाली आडवी तार असते, ती आधी तिच्या खोबणीत बसवावी लागते. ते काम पहिल्याच दिवशी हातात घ्यायचं नाही.

नणंदेची कात्री तुटलेली होती. आम्ही वर्ध्यात एका दुरुस्तीवाल्याच्या भंगाराच्या खोक्यातून तिच्याच मॉडेलचा बंद पडलेला कीबोर्ड पन्नास रुपयांत आणला. त्यातल्या शंभरएक कात्र्या म्हणजे तिच्या उरलेल्या आयुष्याची बेगमी. तिच्या जेवणाच्या टेबलावर बसून पाऊण तास लागला, त्यातला अर्धा तास कात्रीची उलट-सुलट बाजू ओळखण्यात गेला. शेवटचं बटण तिनं स्वतः टिचवलं. मग मुलाला हाक मारून म्हणाली, "काहून रे, अठ्ठावीसशेचं काम होतं नं हे?" तो बिचारा हसला. त्यानंतर त्याच्या मित्राच्या लॅपटॉपचं एक बटण तिच्याकडेच आलं.

"तू जोरात दाबतेस म्हणून निघतं," असं घरात कुणी म्हणत असेल तर त्याला ॲपलची गोष्ट सांगा. २०१५ मध्ये या कंपनीनं आपला लॅपटॉप आणखी पातळ करायला बटणाखाली कात्रीऐवजी फुलपाखराच्या पंखांसारखी नवी रचना आणली. धुळीचा कण गेला तरी बटण अडकायचं, नाहीतर एकाच दाबात अक्षर दोनदा उमटायचं. तक्रारी इतक्या झाल्या की २०१८ मध्ये कंपनीला हे कीबोर्ड फुकट दुरुस्त करून द्यायची योजना काढावी लागली, आणि २०१९ पासून ती पुन्हा कात्रीकडे वळली. अमेरिकेतल्या ग्राहकांनी एकत्र भरलेल्या दाव्यात तिनं २०२२ मध्ये ५ कोटी डॉलर द्यायचं कबूल केलं. लाखभर रुपये मोजणाऱ्यांची बटणं धुळीनं अडकत होती. आपल्याकडे मेमधली धूळ असते, जिनिंगच्या आसपासच्या घरांत कापसाची रुई उडत असते, आणि कूलरसमोर लॅपटॉप उघडून बसलं की ओलावा वेगळाच. बाईच्या बोटांना दोष देण्याआधी एवढं तरी बघा.

रुईवरून आठवलं, मुंग्यांचंही सांगते. लॅपटॉपवर खाऊ नका, हे मुलांना सांगायला आपल्याकडे एक जास्तीचं कारण आहे. फरसाणाचा कण बटणाखाली गेला की पावसाळ्यात बारीक मुंग्या आत शिरतात. मग टाईप करताना प्रत्येक दाबाखाली काय होतं ते मी लिहायला नको. फवारा मारायचा नाही, उन्हातही ठेवायचा नाही. लॅपटॉप बंद करून सावलीत, कोरड्या कपड्यावर तंबूसारखा उलटा उभा ठेवा, खाण्याचा कण झटकून टाका. त्या आपल्या वाटेनं निघून जातात, वेळ लागतो एवढंच. त्या गेल्यावर मऊ कोरड्या ब्रशनं फटी साफ करा. ज्या बटणाखाली कचरा नसतो ते सहसा निघतही नाही.

आपण वर्ध्याच्या. दुरुस्तीचा विचार आपल्याला दिल्लीहून शिकायची गरज नाही. १९२९ मध्ये अखिल भारत चरखा संघानं नव्या चरख्यासाठी एक लाख रुपयांचं बक्षीस जाहीर केलं होतं. त्याच्या अटी मला फार आवडतात. चरखा खेड्यातल्या साध्या घरात चालला पाहिजे. बाईला त्यावर सलग आठ तास फार कष्ट न होता काम करता आलं पाहिजे. किंमत १५० रुपयांच्या आत हवी. वेळच्या वेळी देखभाल केली तर तो निदान २० वर्षं टिकला पाहिजे आणि देखभालीचा वर्षाचा खर्च किमतीच्या ५ टक्क्यांवर जाता कामा नये. म्हणजे यंत्र बनवतानाच त्याची दुरुस्ती आणि ते वापरणारी बाई, दोन्ही हिशेबात धरलेल्या होत्या. १९३८ मध्ये मगनवाडीत उघडलेलं मगन संग्रहालय आपण सगळ्यांनी शाळेच्या सहलीत पाहिलंय. आता मुलांना घेऊन जाल तेव्हा तिथल्या चरख्यांकडे या नजरेनं बघा.

तोच ५ टक्क्यांचा नियम लॅपटॉपला लावू. ४०,००० रुपयांच्या लॅपटॉपला वर्षाची देखभाल २,००० रुपयांच्या आत बसायला हवी. एका बटणासाठी अठ्ठावीसशे सांगितले तेव्हाच ती अट मोडली. आणि हा हिशेब नव्या किमतीवर आहे, नणंदेच्या जुन्या लॅपटॉपला आज कुणी दहा हजारही देणार नाही.

सरकारदरबारीही हा विषय पोचलाय. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षी २४ डिसेंबरला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, त्याचं पोर्टल सुरू झालं. दुरुस्तीची माहिती आणि सुटे भाग कंपन्यांनी ग्राहकाला सहज मिळू द्यावेत असा त्यामागचा विचार. फ्रान्स याच्याही पुढे गेला. तिथे १ जानेवारी २०२१ पासून लॅपटॉपवर दुरुस्तीचे गुण छापावे लागतात, दहापैकी किती. दुकानात शिरतानाच दिसतं की हा उघडतो की नाही. आपल्याकडे असं लेबल येईल तेव्हा येईल. तोवर नवा घेताना आपणच विचारू या, कीबोर्ड वेगळा निघतो का, त्याचे सुटे भाग किती वर्षं मिळतील, इथे वर्ध्यात मिळतील की नागपूरला जावं लागेल. दुकानदाराला उत्तर येणार नाही, पण दहा बायकांनी विचारलं तर अकरावीसाठी तो शोधून ठेवील. वॉरंटीत असलेल्या लॅपटॉपचं बटण मात्र घरी उचकटू नका, सर्व्हिस सेंटरलाच द्या. तिथे नाकारलं तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनवर तक्रार करता येते. चहा-पाणी सांडलं असेल तरीही घरचा उपाय नको. तेव्हा लगेच बंद करा, चार्जर काढा, उलटा ठेवा आणि जाणकाराकडे न्या.

एक उलट गोष्टही बोलायला हवी. दुरुस्तीच्या नावाखाली बंद पडलेल्या वस्तू साठवत राहणं आपल्या घरांत फार आहे. माळ्यावर तीन मोबाईल, दोन चार्जर, एक मिक्सर, "कधीतरी लागेल" म्हणून. परिग्रह म्हणतात तो हाच, भंगाराचा असला म्हणून काय झालं! एका घरात पडून राहिलेला कीबोर्ड कुणाच्याच कामाचा नाही. तोच चार घरांच्या मधोमध ठेवला तर त्यातून शंभर बटणं निघतात. काहीच न उरलेलं सामान कचऱ्याच्या गाडीत न टाकता ई-कचरा घेणाऱ्याकडे द्यावं. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या नियमांनी तो कचरा मार्गी लावायची जबाबदारी कंपन्यांवरच टाकलेली आहे.

म्हणून मी एक डबा ठेवलाय, बिस्किटांचा जुना पत्र्याचा. त्यात सध्या तीन बंद कीबोर्ड, भुवयांचा एक चिमटा, मऊ ब्रश आणि दातकोरण्या आहेत. रविवारी पाठशाळा सुटल्यावर तो मी सोबत घेऊन येते. ज्यांचं बटण पिनांच्या डबीत पडलंय त्यांनी लॅपटॉप आणि बटण दोन्ही आणा, आणि घरातला बंद पडलेला कीबोर्ड असेल तर तोही. मी बसवून देणार नाही, तुम्हीच बसवायचं, मी शेजारी बसेन. येण्याआधी लॅपटॉप उलटा करून पोटावरचा मॉडेल नंबर कागदावर लिहून घ्या, म्हणजे डब्यातली कात्री जुळते का ते आधी बघता येईल. आणि तुटलेले बारीक तुकडे फेकू नका, तेही घेऊन या, कोणती खुंटी गेली ते त्यावरूनच कळतं.